हंडीला घाम फुटतो तेव्हा: गोव्याच्या दमट हवेत जुनी काच कशी जपावी

चतुर्थीला पंधरा दिवस उरले की विचारणा सुरू होते. "झुंबर उतरवलं, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, तरी काच धुरकटच. आता काय लावू?" माझं उत्तर दर वर्षी तेच असतं: काही लावू नका, आधी पाण्यातून बाहेर काढा.

काच गंजत नाही, कुजत नाही, अशी आपली समजूत. म्हणून पितळेच्या समया ज्या जोमाने घासतो त्याच जोमाने जुन्या हंड्या, म्हणजे छताला टांगलेले काचेचे दिवे, घासतो. समई ते सोसते. शंभर-दीडशे वर्षांची काच सोसेलच असं नाही, कारण ती आजारी असू शकते आणि काचेचा आजार उघड्या डोळ्यांना मळासारखा दिसतो.

हे लिहिलंय ते जुन्या घरांच्या मालकांसाठी, आणि देवस्थान समितीतल्या ज्या एकदोघांच्या गळ्यात हे काम पडतं त्यांच्यासाठी. हंड्या, झुंबरं, लोलक, दिव्यांच्या काचेच्या चिमण्या, अत्तरदाण्या, काचेवरची उलटी चित्रं आणि जुने आरसे, एवढाच आवाका आहे. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच किंवा उत्खननात निघालेली काच यांचं तंत्र निराळं, ते इथं नाही. आणि शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या ही तर काचच नव्हे. तो कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळलं की शिंपला विरघळायला लागतो. मऊ ब्रशने धूळ काढा, फार तर ओलसर फडकं फिरवा, बाकी काही नको.

## पाण्याला हात लावण्याआधी

काचेचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे वाळूचा. वाळू वितळायला फार उष्णता लागते, म्हणून सोडा किंवा पोटॅश मिसळतात; पूर्वी ते वनस्पतींच्या राखेतून काढत. मिश्रणाने पाणी धरू नये म्हणून चुना हवा. जुन्या कारागिरांनी काच स्वच्छ पारदर्शक यावी म्हणून राख धुऊन फार शुद्ध केली, तेव्हा राखेबरोबर चुनाही निघून गेला. अशी काच दिसायला सुंदर आणि प्रकृतीने नाजूक निघाली.

हवेतली ओल काचेच्या पृष्ठभागातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन बाहेर ओढते. त्यांच्या जागी हायड्रोजन शिरतो. बाहेर आलेला क्षार पृष्ठभागावर साचतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचे कार्बोनेट होतात आणि ते पुन्हा ओल खेचतात. हाच तो चिकट, साबणासारखा थर. आमची आजी म्हणायची, "पावसात हंडीला घाम फुटतो." आजीचं निरीक्षण अचूक होतं, फक्त घाम बाहेरून आलेला नव्हता, काचेनेच तो गाळला होता. हा क्षार साचत गेला आणि पृष्ठभागाचा पीएच (आम्ल-क्षाराचं माप, ७ म्हणजे मध्य, त्यावर क्षारधर्मी) ९ च्या पुढे गेला की वाळूचा सांगाडाच विरघळू लागतो.

आंबट पदार्थही मित्र नाहीत. आम्ल म्हणजे हायड्रोजन आयनांचा पुरवठा, त्यामुळे चिंच, आमसुलं, लिंबू लावल्यावर क्षार आणखी वेगाने बाहेर पडतो. राख आणि रांगोळीची गोष्ट वेगळी: त्यांत क्वार्ट्झचे कण असू शकतात. क्वार्ट्झची कठीणता मोह्झच्या मापात ७, काचेची साधारण ५.५. ओरखडे कोणावर पडतील ते उघड आहे.

## १. हंगाम निवडा

सगळ्यात मोठी चूक इथंच होते आणि तिचं कारण पंचांगात आहे. चतुर्थी भाद्रपदात, म्हणजे पावसाचा जोर ओसरत असतानाच. हवा ओलीचिंब, घरात माणसांची धावपळ, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायची घाई. नेमकं तेव्हाच झुंबर उतरतं. धुतलेली काच त्या हवेत धड वाळत नाही, सांध्यांत पाणी राहतं आणि पितळी आकडे हिरवे पडतात.

धुण्याचं काम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकावं. चतुर्थीआधी फक्त मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा. देवळाची जत्रा डिसेंबर-जानेवारीत असेल तर जत्रेनंतरचा आठवडा धरा, आधीचा नको. जत्रेत धूप, कापूर आणि तेलाची काजळी पुन्हा बसणारच असते.

## २. सामान जमवा

डिस्टिल्ड पाणी (झुंबराला २०–३० लिटर सहज लागतं), वास आणि रंग नसलेला सौम्य न्यूट्रल डिटर्जंट, पीएच पट्ट्या, हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र), छोटी टॉर्च, प्लास्टिकचे दोन टब, जुने सुती टॉवेल, कापसाचे बोळे, मऊ ब्रश, नायट्राइल हातमोजे, गाठ मारायच्या कागदी चिठ्ठ्या, वही. सुती हातमोजे घेऊ नका, काच त्यांतून घसरते.

विहिरीचं पाणी गोव्यात गोड असतं म्हणून ते चालेल असं वाटतं. त्यात लोह असू शकतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार. पिण्याला दोन्ही ठीक, शेवटच्या धुण्याला नको.

हायग्रोमीटर विकत घेतला म्हणजे तो खरं बोलतो असं नाही. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर हवा. तो ६९ दाखवत असेल तर तुमचं यंत्र ६ ने कमी सांगतं. हा फरक त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

तपासणी: पुढच्या सगळ्या पायऱ्या या यंत्राच्या आकड्यावर उभ्या आहेत. मिठाची चाचणी न करता पुढे जाऊ नका.

## ३. फोटो आणि नोंद

प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. झुंबराचा कागदावर नकाशा: कुठला हात कुठल्या थरात, कुठल्या लोलकाला किती पैलू. कंटाळवाणं काम आहे, पण जोडताना सत्तर लोलक हातात उरले आणि जागा साठच सापडल्या, की या वहीची किंमत कळते.

## ४. तिरप्या उजेडात पाहा

खोलीत अंधार करा. टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा आणि उजेड पृष्ठभागावरून सरकवत न्या. समोरून पाडलेल्या उजेडात हा आजार लपतो.

या रोगाच्या पाच पायऱ्या अमेरिकेतल्या कॉर्निंग काच संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी मांडल्या आहेत. घरी काम करताना मला तीन गट पुरतात.

निरोगी: उजेड स्वच्छ पार जातो. धूळ आणि काजळी आहे, पण कोपरा पुसला की खाली चकचकीत काच दिसते.

घाम येणारी: धुरकट झाक, बोटाला निसरडं, पावसात बारीक थेंब. पुसल्यावर स्वच्छ होते आणि काही आठवड्यांत पुन्हा तशीच. थेंब वाळले की पांढरी पूड किंवा बारीक स्फटिक उरतात.

तडकलेली: पृष्ठभागाखाली चंदेरी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा. पुढच्या अवस्थेत खवले सुटतात. या गटाला पाणी लागता कामा नये. ही वस्तू आहे तिथून हळूच उचलून सरळ आठव्या पायरीकडे जा.

फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. काचेला फिकट जांभळी छटा असेल तर तो मळ किंवा रोग नव्हे. जुन्या काचेचा हिरवटपणा घालवायला मँगनीज घालत, वर्षानुवर्षं उन्हात राहिल्यावर ते जांभळं होतं. ही छटा घासून जात नाही आणि जाऊही नये. दुसरी फसगत फुलदाणीच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या कड्याची. तो बहुधा पाण्यातल्या चुन्याचा थर असतो. वस्तूच्या फक्त पाण्याच्या पातळीपर्यंत धुरकटपणा असेल तर चुन्याचा संशय धरा, आतबाहेर सगळीकडे असेल तर आजाराचा.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर जुने जोड शोधायला ती फार उपयोगी पडते. पूर्वी वापरलेला डिंक किंवा चिकटवणारं द्रव्य तिच्या उजेडात काचेपेक्षा वेगळं चमकतं. दिवाणखान्यात वर्षानुवर्षं "अखंड" म्हणून मिरवलेली हंडी तीन तुकड्यांची निघाल्याचं मी पाहिलंय.

## ५. पीएच पट्टीची चाचणी

या पायरीला दहा मिनिटं लागतात आणि तरी बहुतेक जण ती गाळतात.

आधी पट्टी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाहा. पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे ५.५ ते ६ वाचन आलं तर दचकू नका. हा तुमचा शून्य. आता दुसऱ्या पट्टीला पाण्याचा एक थेंब लावून ती काचेवर दहा-पंधरा सेकंद टेकवा. आकडा ७ च्या आसपास राहिला तर चांगलं. ८ किंवा वर गेला तर काच क्षार सोडते आहे असं धरा. प्रत्येक वस्तूवर किमान तीन जागा: बाहेर, आत, आणि घडीत किंवा कोपऱ्यात, जिथं हवा खेळत नाही.

चूक: नुकत्याच साबणाने किंवा अमोनियाच्या निळ्या काचपुसणीने पुसलेल्या काचेवर ही चाचणी करणं. ते अवशेषच क्षारधर्मी असतात, आकडा खोटा वर जातो. शंका असेल तर डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्याने पुसा, कोरडं करा आणि महिन्याभराने पुन्हा मोजा. काच आजारी असेल तर आकडा परत चढतो. साबणाचा दोष असेल तर चढत नाही.

वस्तू खरोखर मोलाची असेल तर याच्या पुढची तपासणी प्रयोगशाळेत होते. ओल्या बोळ्याने पृष्ठभाग टिपून त्यातले सोडियम, पोटॅशियम आणि फॉर्मेटचे (फॉर्मिक आम्लाच्या लवणाचे) आयन मोजतात. वस्तूला धक्काही लागत नाही. हातात धरायचं एक्स-रे यंत्र मात्र सोडियमच्या बाबतीत दुबळं, कारण सोडियमचे क्षीण एक्स-रे हवाच गिळते. कोणी त्या यंत्राच्या एका फटक्यावर "सोडा काच आहे, निरोगी आहे" असा दाखला दिला तर दोनदा विचारा.

## ६. झुंबर उतरवणं

वीज मुख्य स्विचवरून बंद. शिडीवर एक, खाली दोन माणसं, जमिनीवर गादी. आधी छताचा आकडा आणि साखळी पाहा. गोव्यात काचेआधी लोखंडच दगा देतं.

सुटे लोलक आणि माळा आधी काढा, खालच्या थरापासून वर. हात काढताना समोरासमोरचे एकाआड एक. एकाच बाजूचे तीन हात काढले की झुंबर कलतं आणि उरलेल्या हातांवर भार येतो. प्रत्येक तुकड्याला काढतानाच चिठ्ठी बांधा. नंतर आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

पितळी आकडा अडकला असेल तर पिळू नका, काच तुटते. आकडाच कापा, नवा बसवता येतो.

मंगेशीच्या देवळासारख्या मोठ्या सभामंडपात एकोणिसाव्या शतकातली झुंबरं टांगलेली आहेत. तशा आकाराचं काम घरच्या शिडीवर कुणी करू नये. मचाण बांधणारा माणूस आणि काचेचा जाणकार, दोघं हजर असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

## ७. धुणं (फक्त निरोगी आणि घाम येणाऱ्या काचेसाठी)

आधी कोरडी धूळ, मऊ ब्रशने. ओल्या फडक्याने धूळ पुसली तर तिचंच पॉलिश पेपर होतं.

निरोगी काच: टबाच्या तळाशी टॉवेल घाला. कोमट डिस्टिल्ड पाणी, लिटरमागे डिटर्जंटचे चार-पाच थेंब. एका वेळी एकच तुकडा. दोन लोलक एकमेकांवर आपटले की पैलूची कड उडते, आणि हा अपघात गालिच्यावर कमी, टबात जास्त होतो. कापसाच्या बोळ्याने हलके फिरवा, दुसऱ्या टबात स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात विसळा, टॉवेलवर ठेवून टिपा.

समईच्या तेलाची जुनी काजळी साबणाला दाद देत नाही. सोनेरी नक्षी किंवा रंगकाम नसेल तरच इथॅनॉल (अल्कोहोल) आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन बोळ्याने पुसा. इथॅनॉल पेट घेतं, तेव्हा समई, उदबत्ती, सगळं आधी विझवा. फेणीने पुसायचा सल्लाही मला मिळाला आहे. फेणी पाहुण्यांसाठी ठेवा.

घाम येणारी काच: टबात बुडवायची नाही. डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या बोळ्याने पुसायचं, प्रत्येक बोळा एकदाच वापरून फेकायचा, लगेच टिपायचं. साबण नको. हेतू मळ काढण्याचा कमी आणि साचलेला क्षार उचलण्याचा जास्त. शेवटी इथॅनॉल-पाण्याच्या मिश्रणाचा एक हात दिला की ओल लवकर उडते.

सावध, तीन जागी पाणी नको:

झुंबराच्या काचेच्या हातांची टोकं धातूच्या वाटीत प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असतात. बुडवली की प्लास्टर मऊ पडतं. हात नेहमी बोळ्यानेच पुसा.

सोनेरी नक्षी बऱ्याचदा नुसती वर चिकटवलेली असते. कोपऱ्यावर ओला बोळा टेकवून उचला. त्यावर सोनेरी कण दिसला तर तिथंच थांबा.

आणि जुने चिकटवलेले सांधे. कोमट पाण्यात ते सुटतात आणि तुकडा हातात येतो.

## ८. हवा सांभाळा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि यातच सगळ्यात कमी मन लागतं, कारण इथं काही घासायचं नसतं.

निरोगी काचेला ४५ ते ६० टक्के आर्द्रता पुरते, तीही फार वरखाली होऊ नये. आजारी काचेचं गणित कडक आहे. पोटॅशियम कार्बोनेट साधारण ४३ टक्क्यांवर हवेतून पाणी ओढायला लागतं. त्याच्या वर गेलात तर घाम. ३५ च्या खाली गेलात तर आधीच पाणी शिरलेला वरचा थर सुकतो, आकसतो आणि तडकतो. म्हणून ४० च्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे. आपल्याकडे कोरड्या दिवसांतही एवढा आकडा आपसूक टिकत नाही, जुलैचं तर नावच नको.

व्यवहारात हे असं जमतं. घरातली एक लहान खोली निवडा, जिची एकही भिंत पावसाच्या माऱ्यात नाही. जांभ्या दगडाची बाहेरची भिंत ओल धरते, तिला लागून कपाट नको. खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), दारं-खिडक्या बंद, हायग्रोमीटर कपाटाच्या आत. पावसाळ्यात "जरा वारा लागू दे" म्हणून खिडकी उघडली की बाहेरची नव्वद टक्के ओल आत येते.

उतरण हळू हवी. ८५ टक्क्यांत वाढलेली वस्तू एका रात्रीत ४० वर आणू नका. मी आठवड्याला चार-पाच टक्क्यांनी खाली जातो, म्हणजे दोन-अडीच महिने. इतका धीर मला अनुभवाने आला. सुरुवातीच्या काळात एक घामेजलेली अत्तरदाणी मी डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या घालून बंद केली. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर गळ्यापासून तळापर्यंत जाळं पडलेलं. कोरडं सिलिका जेल थांबत नाही, आर्द्रता वीसच्याही खाली नेऊ शकतं. वापरायचंच असेल तर ४० टक्क्यांच्या हवेत दोन-तीन आठवडे उघडं ठेवून मुरवलेलं जेल वापरा.

एसी दिवसा चालू, रात्री बंद, ही सवय आजारी काचेला उघड्या पडवीहूनही वाईट. रोजची चढउतार तिला सोसत नाही.

कपाट कशाचं? प्लायवूड आणि एमडीएफ यांतून फॉर्माल्डिहाइड सुटतं, लाकडातून सेंद्रिय आम्लं. ती काचेवरच्या क्षाराशी मिळून फॉर्मेट तयार करतात आणि पांढरी पूड पुन्हा हजर. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट, काचेच्या फळ्या, दारांना थोडी फट. वर्तमानपत्रात गुंडाळणं, बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं, लोकरीच्या शालीत बांधणं, तिन्ही बंद करा. आम्लरहित टिश्यू कागद किंवा पांढरा पॉलिइथिलीन फोम वापरा. बाटलीचं बूच काढून ठेवा, नाहीतर आत ओल कोंडते.

देवळाच्या उघड्या सभामंडपात यातलं काहीच शक्य नाही, हे मान्य. तिथं माझा सल्ला साधा आहे: निरोगी तुकडे वर्षातून एकदा कोरड्या दिवसांत पुसून क्षार साचू देऊ नका, आजारी तुकडे उतरवून कपाटात ठेवा आणि त्यांच्या जागी नवे लोलक लावा. नव्या लोलकावर बारीक खूण करा, पुढच्या पिढीला जुना-नवा कळला पाहिजे. जुन्या तापणाऱ्या बल्बांच्या जागी एलईडी बसवा, म्हणजे निदान दिवसरात्रीचा ताप-थंडावा थांबेल.

## ९. तुटलं तर

पहिलं काम: सगळे कण गोळा करा, अगदी चुरासुद्धा. तुटलेल्या कडा एकमेकींवर घासून "बसतंय का" ते पाहू नका, प्रत्येक वेळी थोडी कड झडते.

झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद हा या क्षेत्रातला माझा जुना शत्रू. तो जुळवायला वेळ देत नाही, काचेवर टिकत नाही, आणि पिवळ्या कडा मागे ठेवतो. संवर्धक वापरतात ती दोन द्रव्यं: ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ, किंवा काचेसाठीचं पातळ, न पिवळणारं इपॉक्सी. जोड दिसतो की नाही हे प्रकाश वळवण्याच्या गुणांकावर ठरतं. पॅरालॉइडचा साधारण १.४९, साध्या सोडा काचेचा १.५२ च्या आसपास, शिशाच्या काचेचा त्याहून वर. दोन आकडे जितके जवळ, तितका सांधा अदृश्य.

पॅरालॉइड ॲसिटोनने पुन्हा सोडवता येतं, म्हणून मला ते आवडतं. पण ते साधारण ४० अंशांवर मऊ पडू लागतं. थंड देशांतल्या सूचना वाचून आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात कौलांखाली किंवा बल्बजवळ हा सांधा वापरला, तर तो हळूहळू सरकतो. कपाटातल्या वस्तूला ते ठीक आहे. उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावर किंवा टांगलेल्या वस्तूला नको.

क्रम असा: तुकडे आधी कोरडेच, टेपच्या बारीक पट्ट्यांनी जुळवा आणि क्रमांक द्या. या तालमीतच कळतं की कोणता तुकडा आधी बसवला तर शेवटच्याला वाट उरत नाही. पूर्ण आकार जमला की मग इपॉक्सीचा थेंब चिरेवर टेकवा, केशाकर्षणाने तो आपोआप आत शिरतो. टेप सोनेरी नक्षीवर लावू नका.

सावध: भार पेलणारा हात किंवा हंडीची कड चिकटवून पुन्हा माणसांच्या डोक्यावर टांगायची नाही. चिकटवलेली वस्तू कपाटात शोभते.

## १०. काचचित्रं आणि आरसे

हे दोन शेजारी शेजारी लिहिण्याचं कारण, लोक यांचे नियम उलटे लावतात.

काचेवरच्या उलट्या चित्रात रंग काचेच्या मागच्या बाजूला असतो. पुढून दिसणारा डाग मागचा रंग सुटल्याचा असतो, तेव्हा पुढून कितीही घासलं तरी काही होत नाही, मागून पुसलं तर देवाचा चेहराच फडक्यावर येतो. चौकटीतून काढू नका. पुढची बाजू कोरड्या मऊ फडक्याने पुसा. फवारा मारू नका, पाणी कडेवरून आत झिरपतं. तिरप्या उजेडात रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर चित्र आडवं ठेवा, काच खाली आणि रंग वर, म्हणजे पापुद्रे गळणार नाहीत. मग जाणकाराला बोलवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रामागे बुरशी येते; भिंत आणि चौकट यांच्यात बोटभर अंतर राहील असे लाकडी ठोकळे लावा.

जुने आरसे कथलाच्या आणि पाऱ्याच्या मिश्रणाचे असू शकतात. चांदीचा थर देण्याची रीत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली, तरी पाऱ्याचे आरसे पुढेही बराच काळ बनत राहिले. घरातला आरसा "बेल्जियमचा" आहे असं प्रत्येक जण सांगतो, त्यावरून हे कळत नाही. पांढरा कागद आरशासमोर धरा. प्रतिबिंबातला कागद निळसर-राखाडी दिसला तर पारा असण्याची शक्यता जास्त, किंचित पिवळसर दिसला तर चांदी. चांदीच्या आरशाच्या पाठीला सहसा रंगाचा थर असतो. पाऱ्याच्या आरशाची पाठ उघडी, करडी, चमचमणारी असते.

पाऱ्याचा आरसा नेहमी उभा ठेवायचा, ज्या बाजूने इतकी वर्षं टांगला त्याच बाजूने. सुटलेला पारा खाली ओघळून तळाच्या कडेशी जमलेला असतो. आडवा किंवा उलटा केला की तो सगळ्या पाठीवर पसरतो आणि नवे डाग पाडतो. पाठ पुसू नका.

तळाशी चंदेरी थेंब दिसले तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. व्हॅक्यूम पाऱ्याची वाफ खोलीभर उडवतो. हातमोजे घालून, दोन जाड कागदांनी थेंब ढकलत घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्या. दागिने आधी काढून ठेवा, पारा सोन्याला धरतो.

## ११. पुन्हा टांगणं आणि वर्षाचं वेळापत्रक

नकाशा समोर ठेवून वरून खाली, पुन्हा समोरासमोर. नवे आकडे पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, लोखंडाचे नकोत. टांगल्यावर दोन दिवस खाली कोणाला बसवू नका.

जानेवारीत पीएच चाचणी, मेच्या अखेरीस पाऊस येण्याआधी फोटो, जुलैत आठवड्यातून एकदा कपाटातला आकडा वहीत, सप्टेंबरअखेर पुन्हा तिरपा उजेड. गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी या वर्षीचा ठेवा. धुरकटपणा वाढला की नाही हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडलं तर घरातल्या तिघांची तीन मतं पडतात.

जाळं पडलेली काच, सुटणारा रंग, पाऱ्याचा आरसा: या तिघांना बाहेरची मदत लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा या ठिकाणी चौकशी करता येते. चौकशी करताना फोटो, पीएचचे तीन आकडे आणि वर्षभराची आर्द्रतेची वही सोबत पाठवा, नाहीतर पहिल्या पत्राच्या उत्तरात तेच मागतील आणि तोवर पुन्हा जून उजाडलेला असेल.